एक भ्रूण की दोन? आयव्हीएफमधला सगळ्यात अवघड निर्णय जोडपी नेमका कसा घेतात?

आयव्हीएफच्या उपचारांत एक फोन असा येतो, ज्याची वाट नवरा-बायको दोघंही पाहत असतात आणि त्याची दोघांनाही धास्ती असते. स्त्रीबीजं काढून तीन दिवस झालेले असतात. लॅबमधून सांगितलं जातं, 'तुमचे चार भ्रूण चांगले वाढलेत. परवा ट्रान्सफर करूया. एक ठेवायचा की दोन?'

फोन ठेवल्यावर घरात चर्चा सुरू होते. 'दोन ठेवले तर चान्स वाढेल ना?' 'जुळी झाली तर एकदाच काय ते उरकेल.' 'पण डॉक्टर एकच म्हणत होते.' 'पुन्हा एवढे पैसे कुठून आणायचे?' हातात एखादा दिवस असतो. त्याआधीचे पंधरा दिवस रोजची इंजेक्शनं, सोनोग्राफी आणि रजा मागण्यात गेलेले असतात. नीट विचार करायला वेळ मिळालेलाच नसतो.

हा प्रश्न वाटतो तेवढा लहान नाही. त्यात वैद्यकशास्त्र आहे, पैसा आहे, कायदा आहे, आणि सासू-सासऱ्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या अपेक्षाही आहेत. म्हणून तो एकेक टप्पा करून समजून घेऊ.

एम्ब्रियो ट्रान्सफर म्हणजे काय?

आयव्हीएफमध्ये औषधं देऊन स्त्रीच्या अंडाशयात एकाच वेळी अनेक बीजं तयार केली जातात. ती सुईने बाहेर काढून प्रयोगशाळेत शुक्राणूंशी त्यांचं मीलन घडवलं जातं. तयार झालेले भ्रूण तीन किंवा पाच दिवस वाढवतात आणि मग बारीक नळीतून गर्भाशयात सोडतात. या शेवटच्या पायरीला एम्ब्रियो ट्रान्सफर म्हणतात. त्याला बहुतेक वेळा भूल लागत नाही आणि काही मिनिटांत ते संपतं. साधारण दहा ते चौदा दिवसांनी बीटा एचसीजी ही रक्ततपासणी होते आणि गर्भ राहिला की नाही ते कळतं.

जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयोगातून एका मुलीचा जन्म झाला, पण त्यांच्या हयातीत त्या कामाला मान्यता मिळाली नाही. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या पथकाच्या प्रयत्नांतून हर्षा चावडाचा जन्म झाला.

त्या काळात प्रयोगशाळेत भ्रूण टिकवणं अवघड होतं. एकेका भ्रूणाचं यश कमी असल्यामुळे एकाच वेळी तीन-चार भ्रूण सोडले जात आणि त्यातला एखादा तरी रुजेल अशी आशा असे. आज लॅबचं तंत्र बदललंय, भ्रूण गोठवण्याची पद्धत सुधारलीय. 'जास्त ठेवले तर बरं' ही समजूत मात्र तशीच राहिली आहे.

दोन ठेवले तर शक्यता दुप्पट होते का?

नाही. आणि या एका गोष्टीवर बाकीचा बराच निर्णय अवलंबून असतो.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा स्वीडन आणि शेजारच्या देशांत झालेल्या एका अभ्यासातून मिळाला. तो २००४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. ३६ वर्षांखालच्या, किमान दोन चांगले भ्रूण असलेल्या ६६१ स्त्रियांचे त्यात दोन गट केले होते. एका गटात एकाच वेळी दोन भ्रूण ठेवले. दुसऱ्या गटात आधी एकच ठेवला आणि तो रुजला नाही तर गोठवलेला दुसरा नंतर ठेवला.

दोन भ्रूण एकदम ठेवलेल्या गटात ४२.९ टक्के स्त्रियांना मूल झालं. एकामागून एक ठेवलेल्या गटात ३८.८ टक्के स्त्रियांना झालं. फरक चारेक टक्क्यांचा. पण पहिल्या गटातल्या बाळंतपणांपैकी ३३.१ टक्के जुळ्यांची होती, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण फक्त ०.८ टक्के होतं.

म्हणजे दोन भ्रूण एकदम ठेवल्याने मूल होण्याची शक्यता थोडीशी वाढली आणि जुळ्यांची शक्यता मात्र कैक पटींनी वाढली. तेच दोन भ्रूण एकेक करून वापरले तर जवळपास तेवढंच यश मिळालं.

हे आकडे तरुण आणि चांगले भ्रूण असलेल्या स्त्रियांचे आहेत, हेही लक्षात ठेवायला हवं. वय चाळिशीकडे गेलं असेल, भ्रूणांचा दर्जा बेताचा असेल किंवा आधीचे दोन-तीन ट्रान्सफर फसले असतील तर गणित बदलतं आणि डॉक्टर दोन भ्रूणांचा विचार करू शकतात.

पण जुळी झाली तर बिघडलं कुठे?

इथे डॉक्टर आणि जोडपं यांची भाषा वेगळी होते. सात-आठ वर्षं मुलासाठी तळमळणाऱ्या घराला जुळी म्हणजे देवाने भरभरून दिलं असं वाटतं. स्त्रीरोगतज्ज्ञ मात्र जुळ्यांची गर्भधारणा जोखमीची मानतात.

निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीच जन्मतात. लवकर जन्मलेल्या, कमी वजनाच्या बाळांना नवजात अतिदक्षता विभागात ठेवावं लागू शकतं. आईला रक्तदाब, गरोदरपणातला मधुमेह, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आणि सिझेरियन यांचा धोका वाढतो. उशिरा लग्न, उशिरा उपचार यामुळे आयव्हीएफ घेणाऱ्या अनेक जणींचं वय आधीच पस्तिशीच्या पुढे असतं, त्यामुळे हा धोका आणखी वाढतो.

तीन भ्रूण रुजले तर प्रसंग अजून बिकट होतो. गर्भाची संख्या कमी करण्याचा सल्ला दिला जाऊ शकतो. ज्या जोडप्याने एका गर्भासाठी नवस केले, त्यालाच एक गर्भ थांबवण्याच्या कागदावर सही करावी लागते. ट्रान्सफरच्या दिवशी 'तिन्ही ठेवा' म्हणताना ही शक्यता क्वचितच कोणी बोलून दाखवतं.

ब्रिटनमध्ये आयव्हीएफची नियामक संस्था असलेल्या एचएफईएने याच कारणासाठी 'एका वेळी एक' ही मोहीम राबवली. १९९० च्या दशकात तिथे आयव्हीएफच्या दर चार बाळंतपणांमागे साधारण एक जुळ्यांचं किंवा तिळ्यांचं असे. २०१९ पर्यंत हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास आलं. या काळात यशाचा दर पडला नाही, उलट वाढला.

मग भारतात जोडपी दोनचा आग्रह का धरतात?

याचं मोठं कारण पैसा. खासगी केंद्रांत आयव्हीएफच्या एका सायकलला औषधांसह साधारण दीड ते अडीच लाख रुपये लागतात. आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसींमध्ये वंध्यत्वाचे उपचार वगळलेले असतात. पैसे पगारातून, एफडी मोडून, दागिने गहाण ठेवून किंवा पर्सनल लोन काढून उभे केले जातात. अशा वेळी 'आधी एक, नाही जमलं तर दुसरा' हा सल्ला ऐकायला चांगला, पण खिशाला न परवडणारा वाटतो.

या हिशेबात दोन गोष्टी बहुधा सुटतात. पहिली, गोठवलेला भ्रूण नंतर ठेवताना इंजेक्शनं आणि बीज काढण्याची प्रक्रिया पुन्हा करावी लागत नाही, त्यामुळे तो खर्च पूर्ण सायकलपेक्षा बराच कमी असतो. दुसरी, जुळी लवकर जन्मली तर अतिदक्षता विभागाचं बिल आयव्हीएफच्या खर्चालाही मागे टाकू शकतं. वाचवलेले पैसे तिथे कित्येक पटींनी जातात.

उपचार स्वस्त असतील तर हा दबाव कमी होतो. गोव्यात २०२३ मध्ये बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात मोफत आयव्हीएफ सुरू झालं. मुंबईत कामा रुग्णालयात २०२४ मध्ये सरकारी आयव्हीएफ केंद्र सुरू झालं. पण राज्यातल्या गरजेच्या मानाने अशा सोयी अजून थोड्या आहेत. नंदुरबार किंवा गडचिरोलीतल्या जोडप्याला उपचारासाठी शहरात मुक्कामच करावा लागतो. रोजगार बुडतो, राहण्याचा खर्च होतो, आणि 'पुन्हा यायला लागू नये' हा विचार मग सगळ्यात वरचढ ठरतो.

दुसरं कारण आहे केंद्रांची स्पर्धा. जाहिरातींत यशाचे मोठे आकडे झळकतात. पण हा आकडा कशाचा, पॉझिटिव्ह आलेल्या रक्ततपासणीचा की घरी आलेल्या बाळाचा? दर ट्रान्सफरमागे की दर सायकलमागे? कोणत्या वयाच्या स्त्रियांचा? हे प्रश्न विचारले नाहीत तर सत्तर टक्के आणि पस्तीस टक्के हे दोन्ही आकडे एकाच केंद्राचे असू शकतात. तुलनेसाठी सांगायचं तर ब्रिटनच्या राष्ट्रीय नोंदींत ३५ वर्षांखालच्या स्त्रियांमध्ये ठेवलेल्या दर भ्रूणामागे मूल होण्याचं प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास आहे. चाळिशीनंतर ते झपाट्याने घसरतं.

निर्णय नक्की कोणाचा असतो?

कागदावर दोघांचा. एआरटी कायद्यानुसार दोघांचीही लेखी, समजून दिलेली संमती लागते. आणि भ्रूण गर्भाशयात ठेवण्यापूर्वी दोघांपैकी कोणीही ती संमती मागे घेऊ शकतं.

घरात चित्र वेगळं असतं. इंजेक्शनं बायकोला, सोनोग्राफी बायकोची, गरोदरपणाचा धोकाही तिलाच. पैशाचा निर्णय मात्र अनेकदा नवऱ्याचा किंवा सासऱ्यांचा असतो. दोष शुक्राणूंमध्ये असला तरी नातेवाइकांत चर्चा सुनेचीच होते. काही जोडपी उपचार पूर्णपणे लपवतात, मग सल्ला विचारायला डॉक्टरशिवाय कोणी उरत नाही. काही घरांत उलट असतं. दोन मावश्या, एक काकू आणि फॅमिली ग्रुपवरचे फॉरवर्ड, सगळेच सल्ला देतात.

यातून एक विचित्र परिस्थिती तयार होते. ज्या बाईच्या शरीरात भ्रूण जाणार, तिचं मत सगळ्यांत शेवटी विचारलं जातं. बरेचदा तीच म्हणते, 'डॉक्टर म्हणतील तसं.' हा विश्वास असतोच, पण त्यात थकवाही असतो. दोन-तीन वेळा 'निगेटिव्ह' ऐकलेल्या माणसाला पुढचा निर्णय आपल्या माथी नको असतो. फसला तर 'तुझ्यामुळे' हा शब्द ऐकायला नको असतो.

ताजा भ्रूण की गोठवलेला?

अलीकडे अनेक डॉक्टर सगळे भ्रूण गोठवून एक-दोन महिन्यांनी ट्रान्सफर करायला सांगतात. लगेच ट्रान्सफर होणार नाही म्हटल्यावर जोडपी नाराज होतात, काहींना हा पैसे काढण्याचा प्रकारही वाटतो.

कधी यामागे ठोस कारण असतं. पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये औषधांनी अंडाशय प्रमाणाबाहेर फुगण्याचा धोका असतो आणि लगेच गर्भ राहिला तर तो बळावतो. चीनमध्ये झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पीसीओएस असलेल्या स्त्रियांना गोठवलेल्या भ्रूणांचा फायदा दिसला. पण २०१८ मध्ये चीन आणि व्हिएतनाममधून आलेल्या दोन अभ्यासांत पीसीओएस नसलेल्या स्त्रियांमध्ये असा विशेष फरक आढळला नाही. म्हणजे गोठवणं प्रत्येकीला गरजेचं नाही आणि ते प्रत्येक वेळी लुबाडणूकही नाही. 'माझ्या बाबतीत का?' हा प्रश्न विचारण्याचा हक्क जोडप्याला आहे.

४एए म्हणजे नक्की मूल होणार का?

भ्रूणांच्या रिपोर्टवर ४एए, ३बीबी असे शेरे असतात. आकडा भ्रूण किती फुगला आहे ते सांगतो. पहिलं अक्षर ज्या पेशींपासून बाळ घडतं त्यांचा दर्जा सांगतं, दुसरं ज्यांपासून वार तयार होते त्यांचा. ही सूक्ष्मदर्शकातून दिसणारी रचना असते. उत्तम दिसणारा भ्रूण रुजत नाही आणि सामान्य शेऱ्याचा भ्रूण सुदृढ बाळ होतो, असंही घडतं. हा दहावीचा निकाल नाही, शक्यतेचा अंदाज आहे.

मग भ्रूणांची जनुकीय तपासणी करावी का? इथे दोन वेगळ्या तपासण्यांची गल्लत होते. आई-वडील दोघंही थॅलेसेमिया किंवा सिकलसेलचे वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. विदर्भ आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल ही रोजची गोष्ट आहे. अशा जोडप्यांसाठी त्या विशिष्ट आजाराची तपासणी खरोखर उपयोगी ठरू शकते.

पीजीटी-ए या दुसऱ्या तपासणीत गुणसूत्रांची संख्या मोजतात. ती यश वाढवण्यासाठी सर्रास सुचवली जाते. ब्रिटनच्या एचएफईएने मात्र बहुतेक रुग्णांमध्ये मूल होण्याची शक्यता वाढवण्यासाठी तिला लाल शेरा दिला आहे. गर्भपाताची शक्यता कमी करण्याबाबत तिचं मत अनुकूल आहे. म्हणजे उपयोग कोणाला, कशासाठी, हे आधी ठरायला हवं.

भारतात या तपासणीची कायदेशीर चौकटही घट्ट आहे. २०२१ च्या एआरटी कायद्याने ती फक्त ज्ञात, आधीपासून असलेल्या आनुवंशिक किंवा जनुकीय आजारांसाठीच मोकळी ठेवली आहे. भ्रूण मुलाचा की मुलीचा हे पाहून निवडणं पीसीपीएनडीटी आणि एआरटी या दोन्ही कायद्यांनी गुन्हा आहे. एआरटी कायद्यात त्यासाठी पाच ते दहा वर्षांपर्यंत कैद, दहा ते पंचवीस लाखांपर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे.

कायदा आणखी काय सांगतो?

एआरटी कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. स्त्रीचं वय २१ पेक्षा जास्त आणि ५० पेक्षा कमी, पुरुषाचं २१ पेक्षा जास्त आणि ५५ पेक्षा कमी हवं. केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे. किती भ्रूण ठेवायचे याबाबत आयसीएमआरच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांत सर्वसाधारणपणे तीन ही वरची मर्यादा होती. सरोगसीसाठी २०२२ च्या नियमांत एका वेळी एकच भ्रूण, आणि विशेष परिस्थितीत तीनपर्यंत, असं म्हटलं आहे. सरकारी विचारही एका भ्रूणाकडे सरकतो आहे, हे यावरून दिसतं.

उरलेल्या भ्रूणांचं काय?

एका ट्रान्सफरनंतर मूल झालं, घर भरलं. लॅबमध्ये तीन भ्रूण गोठवलेले आहेत आणि दरवर्षी त्यांच्या शुल्काचा मेसेज येतो. हा निर्णय जोडपी सर्वांत जास्त लांबणीवर टाकतात. कोणाला ते पेशींचे पुंजके वाटतात, कोणाला झालेल्या मुलाची भावंडं.

कायद्यानुसार भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात. त्यानंतर ते नष्ट होऊ दिले जातात किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला दिले जातात. गोठवतानाच आणखी एक लेखी सूचना घेतली जाते. दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला किंवा कोणी निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसेल तर भ्रूणांचं काय करायचं? हा कागद अनेकदा बाकीच्या वीस सह्यांबरोबर न वाचताच उरकला जातो. पुढे वाद झाला तर पहिल्यांदा तोच कागद काढला जातो.

ट्रान्सफरआधी काय विचारावं?

माझं वय आणि भ्रूण पाहता एक ठेवला तर मूल होण्याची शक्यता किती, दोन ठेवले तर किती, आणि जुळ्यांची किती? एकच ठेवला आणि उरलेले गोठवले तर पुढच्या ट्रान्सफरचा एकूण खर्च किती? तुमच्या केंद्राचा यशाचा आकडा जन्मलेल्या बाळांचा आहे का? सुचवलेली जादा तपासणी किंवा इंजेक्शन माझ्यासाठी का, आणि ते नाही घेतलं तर काय होईल? गोठवलेल्या भ्रूणांचं वार्षिक शुल्क किती?

सहावा प्रश्न नवरा-बायकोने एकमेकांना विचारायचा असतो. किती प्रयत्नांनंतर थांबायचं? आतापर्यंत सहा लाख गेले म्हणून आणखी दोन लाख घालायचे, हा विचार अनेकांना कर्जात आणि त्याहून खोल थकव्यात ढकलतो. गेलेला पैसा परत येत नसतो. पुढच्या प्रयत्नात यशाची शक्यता किती, एवढाच हिशेब उरतो.

आणि ट्रान्सफर झाल्यावर पंधरा दिवस पलंगावर पडून राहण्याने गर्भ रुजण्याची शक्यता वाढते असं अभ्यासांतून दिसलेलं नाही. जिना चढली म्हणून किंवा ऑफिसला गेली म्हणून ट्रान्सफर फसला, हा आरोप कोणत्याही बाईच्या माथी येऊ नये.

एक की दोन, या प्रश्नाचं सगळ्यांना लागू पडेल असं एकच उत्तर नाही. अडतिशीतली, तीनदा अपयश पाहिलेली स्त्री आणि अठ्ठाविशीतली, पहिल्यांदाच उपचार घेणारी स्त्री यांचं उत्तर वेगळं असू शकतं. पण ते उत्तर लॅबचा फोन आल्यावर एका रात्रीत शोधायचं नसतं. पहिलं इंजेक्शन घेण्याआधीच, डॉक्टरांच्या टेबलासमोर, दोघांनी एकत्र बसून तो विषय काढला तर फोन येईल त्या दिवशी 'किती ठेवायचे?' याचं उत्तर दोघांना आधीच माहीत असेल.